लॅपटॉपला टिकली आणि घरात अबोला

प्रश्न : प्रिय काकू, आम्ही कोथरूडला राहतो. सासरे, म्हणजे अण्णा, ऐंशीचे आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. मुलगा पंचवीसचा, हिंजवडीत एका कंपनीत आहे. कंपनी सरकारी खात्यांसाठी सॉफ्टवेअर करते. गेल्या महिन्यात एका रविवारी मुलानं माझ्या पाकिटातली टिकली काढून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. अण्णा हसून म्हणाले, "लॅपटॉपला कुंकू लावलंस होय रे?" तिथून सरकारी पाळतीचे गुप्त कागद फोडणाऱ्या त्या अमेरिकेच्या स्नोडेनचा विषय निघाला. मुलगा म्हणाला, तो हिरो आहे. अण्णा म्हणाले, सरकारचं मीठ खाऊन कागद चोरणारा कसला हिरो, देशद्रोही आहे तो. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर सुनावलं आणि नोकरी सोडली, दप्तर काखोटीला मारून परमुलखात पळाले नाहीत. आवाज चढत गेले. शेवटी मुलगा बोलून गेला, "तुम्ही जन्मभर नुसती मान डोलावलीत, म्हणून तुम्हाला तसं वाटतं." अण्णा आमटीभात अर्धा टाकून उठले. आज एकोणीस दिवस झाले, दोघं बोलत नाहीत. "त्याला सांग गीझर बंद करायला", "आजोबांना सांग पेपर माझ्याकडे आहे", असे निरोप माझ्यामार्फत. यांना मध्ये पडा म्हटलं तर यांना मीटिंग असते. तुम्ही एकदा काय ते सांगून टाका, तो माणूस हिरो की देशद्रोही? आणि आणखी एक. मुलगा म्हणतो, उद्या माझ्या कामात असं काही दिसलं तर मीही हेच करीन. तेव्हापासून मला झोप नाही.
— दोघांच्या मधली, कोथरूड

उत्तर : आधी टिकलीचं बघू, कारण तिथे चिरंजीवांचं काही चुकलेलं नाही. स्नोडेनच्या कागदांतूनच फेब्रुवारी २०१४ मध्ये बाहेर आलं की ब्रिटनची जीसीएचक्यू ही हेरसंस्था याहूवर व्हिडिओ गप्पा मारणाऱ्यांच्या कॅमेऱ्यातली चित्रं साठवत होती. २००८ मधल्या सहा महिन्यांत अठरा लाखांहून जास्त खात्यांची. कुणावर संशय होता म्हणून नव्हे, सरसकट. तेव्हा टिकली राहू द्या. फक्त चमकीची नको, साधी मरून लावा.

आता निकाल. मागितलात तर देणार आहे, दोन्ही बाजूंना थोडं थोडं वाढून हात झटकणार नाही. पण त्या माणसानं नेमकं केलं काय, ते तुमच्या घरातल्या भांडणात कुणी नीट मांडलेलं दिसत नाही.

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर तिथल्या गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना विचारलं गेलं, लाखो-करोडो अमेरिकनांची कसलीही माहिती तुम्ही गोळा करता का? ते म्हणाले, नाही, जाणूनबुजून तरी नाही. तीनच महिन्यांनी, ५ जून २०१३ ला, गार्डियनमध्ये न्यायालयाचा एक गुप्त आदेश छापून आला. व्हेरायझन कंपनीनं आपल्या सगळ्या ग्राहकांच्या फोनच्या नोंदी (कुणी कुणाला, केव्हा, किती वेळ फोन केला) एनएसए या अमेरिकी हेरसंस्थेला रोजच्या रोज द्यायच्या, असा. चार दिवसांनी हाँगकाँगच्या एका हॉटेलातून एकोणतीस वर्षांचा स्नोडेन स्वतःच पुढे आला : हे मी दिलं. आदेश बनावट आहे असं अमेरिकी सरकार एकदाही म्हणालं नाही. मे २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं की कायद्यानं असल्या सरसकट गोळाबेरजेची परवानगी दिलेलीच नव्हती. पुढच्याच महिन्यात संसदेनं कायदा बदलून ती बंद केली.

म्हणजे सरकारनं लोकांच्या प्रतिनिधींना खोटं सांगितलं, आणि ते खोटं एका माणसानं कागद दाखवून पकडलं. तुमच्या मुलाचं म्हणणं इथवर मला मान्य आहे.

इथे थोडं माझं. मी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची बरीच आवक-जावकला. सरकारी माणसाला 'गोपनीय' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो त्याच्या स्वतःच्याच गोपनीय अहवालात. माझ्याबद्दल साहेबांनी काय शेरा मारलाय, ते सगळ्या शाखेला माहीत असायचं, फक्त मला नसायचं. (२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. आभाळ काही कोसळलं नाही.) आमच्याकडे एक लोखंडी कपाट होतं, लाल 'गोपनीय' शिक्क्याच्या फायलींचं. एकदा वाळवी लागली म्हणून सगळं बाहेर काढलं. एका फायलीत साहेबांच्या केबिनच्या पडद्यांची तीन कोटेशनं निघाली, तिन्हींचं अक्षर एकाच माणसाचं. आणि तिच्या खालच्याच फायलीत, एका गुंडाविरुद्ध अर्ज केलेल्या अकरा माणसांची नावं आणि घरांचे पत्ते. शिक्का दोन्हींवर तोच, शाईसुद्धा तीच.

पडद्यांची फाईल कुणी बाहेर दिली असती तर मी त्याला पेढे दिले असते. दुसरी दिली असती तर पोलिसांत मी स्वतः गेले असते. म्हणून 'गुपित फोडलं' एवढ्यावरून माझं काहीच ठरत नाही. फोडणाऱ्यानं फाईल उघडून आत काय आहे ते वाचलं होतं का, आणि ती कुणाच्या हातात दिली, हे मी बघते.

आणि शिक्का मारणाऱ्याच्या हाती किती ताकद असते म्हणाल, तर आपल्याकडचंच बघा. नौदलाचे कॅप्टन सुब्बाराव यांना १९८८ मध्ये मुंबईच्या विमानतळावर पकडलं, बरोबर त्यांचा स्वतःचाच पीएचडीचा प्रबंध होता. वीस महिने तुरुंगात गेले आणि मग न्यायालयानं सोडलं. पत्रकार इफ्तिखार गिलानी २००२ मध्ये सात महिने आत होते, ज्या कागदासाठी तो इंटरनेटवर कुणालाही वाचायला मिळत होता. दोन्हीकडे कायदा एकच, १९२३ चा शासकीय गुपितांचा. 'गुपित' म्हणजे काय याची व्याख्या त्या कायद्यात आजही नाही.

तरीही वाचून बघण्याचा मुद्दा मी सोडणार नाही, आणि याचं उदाहरण अमेरिकेहून आणायची गरज नाही, पुण्यातच आहे. १८८२ चं कोल्हापूर प्रकरण. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ चाललाय, दिवाण बर्वे त्यात सामील आहेत, असं दाखवणारी पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली आणि केसरी-मराठ्यानं त्यांच्या आधारावर लिहिलं. पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची सजा झाली. एकशे एक दिवस डोंगरीत काढून सुटले, पुढे आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. पण गंमत अशी की पुढच्या वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, नगरला महाराजांवर देखरेखीला ठेवलेल्या गोऱ्या सोल्जराशी झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. शंका खरी होती, कागद खोटे होते. त्यांना हिरो म्हणणार की गुन्हेगार? आपण म्हणतो हिरो, एव्हाना रस्त्यालाही नाव दिलंय. पण त्या एका प्रकरणात ते चुकले होते, हे टिळकांचा अभिमान असणाऱ्यानंही म्हणायला हरकत नसावी.

अण्णांचे रामशास्त्री. मुद्दा दमदार आहे, मी दोन दिवस त्यावर अडले होते. पण नारायणरावांचा खून शनिवारवाड्यात झाला तो सगळ्या पुण्याला ठाऊक होता. कुणी केला याची कुजबुजही होती. रामशास्त्र्यांना गुपित फोडायचं नव्हतंच, जे सगळे मनात म्हणत होते ते न्यायाधीश या नात्यानं मोठ्यानं म्हणायचं होतं. तसं सुनावून ते पुणं सोडून गेले. स्नोडेननं नुसता राजीनामा देऊन आपलं गाव गाठलं असतं तर लोकांना कळलं काय असतं? शून्य. आणि दप्तर न नेता नुसतं तोंडी सांगितलं असतं तर क्लॅपरसाहेबांचा शब्द वर राहिला असता.

"मग पळाला कशाला, खटल्याला उभं राहायचं", हेही अण्णा म्हणत असणार. व्हिएतनाम युद्धाबद्दलचे सात हजार पानांचे गुप्त कागद १९७१ मध्ये फोडणारे डॅनियल एल्सबर्ग उभे राहिले होते. जामिनावर बाहेर राहून बोलत होते. सरकारी माणसांनीच त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केल्याचं उघड झालं आणि १९७३ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच मोडीत काढला. याच एल्सबर्गनी २०१३ मध्ये लिहिलं की स्नोडेननं देश सोडला ते बरोबर केलं, माझ्या वेळची अमेरिका आता राहिलेली नाही. ज्या १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली त्याच्यावर आरोप आहेत, त्यात 'मी हे लोकांच्या भल्यासाठी केलं' असं सांगण्याची सोयच नाही.

पण अण्णांचे दोन मुद्दे मला खोडता येत नाहीत. एक, त्यानं गरजेपेक्षा फार जास्त उचललं. अमेरिकी प्रतिनिधिगृहाची समिती पंधरा लाख कागद म्हणते. तो आकडा सोडून देऊ, पण हाँगकाँगमध्ये बसून तिथल्याच वर्तमानपत्राला त्यानं अमेरिका चीनमधले कोणते संगणक फोडते तेही सांगितलं. त्यात अमेरिकन नागरिकांच्या हक्काचा काय संबंध? ते हेरखात्याचं रोजचं काम. आता तुम्ही म्हणाल, काकू, मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६३० कोटी नोंदी एनएसएनं उचलल्या आणि वॉशिंग्टनमधल्या आपल्या वकिलातीवरही पाळत होती, हे त्याच्यामुळेच कळलं, ते तुम्हाला चाललं? चाललं. आवडलंसुद्धा. हा माझा दुटप्पीपणा आहे, कबूल. आपल्या सरकारचाही कमी नव्हता. त्यानं आश्रय मागितला तेव्हा २ जुलै २०१३ ला आपण नाही म्हणालो.

दोन, रशिया. जायचं होतं त्याला दक्षिण अमेरिकेत, पासपोर्ट अमेरिकेनं रद्द केला आणि मॉस्कोच्या विमानतळावर तो महिन्याहून जास्त अडकला, हे खरं. कागद रशियात नेलेच नाहीत असं तो सांगतो, अमेरिकी समितीचा त्यावर विश्वास नाही. पण सप्टेंबर २०२२ मध्ये, युक्रेनवर रणगाडे जाऊन सात महिने झाले असताना, त्याला पुतिन यांच्या सहीनं रशियाचं नागरिकत्व मिळालं. पाळतीविरुद्ध उठलेला माणूस तिथे घर करून राहतो, हे बघून मलाही घास गिळवत नाही.

तर घ्या निकाल. देशद्रोही नाही. ज्यानं कागद शत्रूच्या हस्तकाला चोरून न देता वर्तमानपत्रांना दिले, काय छापायचं ते त्यांच्यावर सोडलं आणि वर आपलं नाव सांगितलं, त्याला तो शब्द लागत नाही. फोनच्या नोंदींपुरतं त्यानं केलं ते योग्य केलं. हिरो मात्र मी म्हणणार नाही. हा निकाल घरात वाचून दाखवा, दोघंही माझ्यावर चिडतील. निदान चिडण्यात तरी एक होतील.

आता मूळ दुखणं. ते अमेरिकेत नाही, अण्णांच्या खोलीत आहे.

दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं म्हणजे काय, याचा तुमच्या मुलाला अंदाज नसावा. रोज गेटवर अंगझडती. काडेपेटी, विडी बाहेर ठेवायची. आत काय बनतं, किती बनतं, कुठे जातं, ते घरी आईलाही सांगायचं नाही. मी रेंजहिल्सच्या क्वार्टर्समधल्या मैत्रिणीकडे लहानपणी जायची. तिचे वडील जेवताना फक्त हवेबद्दल बोलायचे. तुमच्या अण्णांची नोकरी एकाहत्तरच्या लढाईच्या आगेमागे सुरू झालेली दिसते. अशा माणसाची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे तोंड बंद ठेवलं ही. त्याला पदक नाही, फोटो नाही, कुणाला सांगताही येत नाही. आणि नातू म्हणतो, गुपित फोडणारा तो हिरो. म्हणजे न फोडणारा कोण? वर, "तुम्ही नुसती मान डोलावलीत."

शिवाय 'फोडणं' म्हटलं की अण्णांच्या डोळ्यांपुढे वेगळंच येत असणार. मे २०२३ मध्ये दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या तेव्हाच्या संचालकांना एटीएसनं पकडलं, ते पुण्यातल्या प्रत्येक निवृत्त कामगारानं वाचलंय. आरोप सीमेपलीकडच्या हस्तकाला माहिती दिल्याचा. खरंखोटं न्यायालय बघेल. पण अण्णांच्या मनात त्या प्रकरणाची आणि स्नोडेनची एकच गाठ बसली असेल तर नवल नाही. ती सोडवायची तर नातवानं शांतपणे सोडवायला हवी होती.

म्हणून मुलाला माफी मागायला सांगा. स्नोडेनबद्दलची नको, मतं ज्याची त्याची. मान डोलावण्याच्या वाक्याची.

आणि त्याच्या त्या 'मीही हेच करीन'बद्दल. तुमची झोप उडाली ते रास्त आहे. त्याला वाटत असेल, मी कुठे सरकारी नोकर. स्नोडेनही नव्हता, बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या खासगी कंत्राटदार कंपनीच्या पगारावर होता. आपल्या १९२३ च्या कायद्याचं कलम ५ सरकारी कंत्राट घेणाऱ्याला आणि त्याच्या हाताखालच्या नोकरालाही लागू आहे, आणि माहिती घेणाराही त्यात सापडतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेनं २०१४ मध्ये केला, तो अजून अंमलातच आणलेला नाही. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी तर काही फोडलंही नव्हतं. पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं, २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. आणि लांब कशाला, आपल्या तळेगावचे सतीश शेट्टी. माहितीच्या अधिकारात मावळातले जमीन व्यवहार उकरत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळीच त्यांना मारलं. हे त्याला घाबरवायला सांगत नाही. किंमत माहीत असावी म्हणून सांगते.

दारं आहेत, अरुंद आहेत. दुबे गेल्यावर २००४ मध्ये केंद्र सरकारनं ठराव केला, त्याखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करता येते. बंद लखोट्यात, वर जनहितार्थ तक्रार असल्याचं लिहायचं पण पाठवणाऱ्याचं नाव नाही, नाव-पत्ता आतल्या पत्रात. निनावी असेल तर घेत नाहीत. हे फक्त केंद्राच्या खात्यांपुरतं. माहिती अधिकाराच्या कलम ८(२) प्रमाणे जनहित मोठं असेल तर गुपितांच्या कायद्यालाही बाजूला ठेवून माहिती देता येते. आणि एप्रिल २०१९ मध्ये राफेलच्या खटल्यात सरकार म्हणालं, हे कागद चोरीचे, बघू नका. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बघणार. तेव्हा असं काही दिसलंच तर आधी चांगला वकील, मग बाकीचं. कागद घरी आणायचा नाही, पेनड्राइव्हवर घ्यायचा नाही, मित्राला व्हॉट्सअ‍ॅप तर मुळीच नाही. आणि पहिला प्रश्न स्वतःला : ही पडद्यांची फाईल आहे की पत्त्यांची?

तुमच्यासाठी एकच काम. उद्यापासून निरोप बंद. गीझर चालू राहिला तर राहू द्या, बिल आलं की बोलतील. रविवारी मुलाला सांगा, अण्णांना घेऊन खडकीला जा. कारखान्याच्या गेटसमोरच्या रस्त्यानं चक्कर मारा, जवळपास कुठे चहा घ्या. गेटचा फोटो मात्र काढू नका, त्याच १९२३ च्या कायद्यात ती निषिद्ध जागा आहे. चहा येईपर्यंत त्यानं एवढंच विचारायचं : "अण्णा, चौतीस वर्षांत असं काही होतं का, जे सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाहीत?" आणि गप्प बसायचं. टीव्हीवरचं काही नको, स्नोडेन नको.

अण्णा कदाचित हवेबद्दल बोलतील. कदाचित नाही. बोललेच, तर त्यांनी काय सांगितलं ते मला कळवू नका.